साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास आणि अठ्ठेचाळीस तास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे जोडपं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काका ७१ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. काकू ६६ च्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदललेला, शिवाय पायांवर जुन्या फुगलेल्या शिरा. काकांना मधुमेह. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन्ही वेळा खाण्याआधी इन्सुलिन. मुलगी आणि जावई सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात. मुलीचं सिझेरियन जानेवारीतल्या एका सोमवारी ठरलं होतं.

आठवडाभर आधी जाऊन पोहोचणं सगळ्यात बरं, हे कुणीही सांगेल. पण त्याच आठवड्यात त्यांच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी एकदा शेतातून गेली की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे बुधवारपर्यंत काका गाव सोडायला तयार नव्हते. म्हणजे निघायचं गुरुवारी, पोहोचायचं जास्तीत जास्त शनिवारी, आणि रविवार विश्रांतीला.

मी पुण्यात प्रवासाचं नियोजन करून देतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण परदेशातल्या मुलांकडे निघालेले आईवडील असतात. हे प्रकरण २०२२ च्या डिसेंबरात मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यातलं आहे.

अडचण

जावयाने अंतर मोजणाऱ्या एका संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट पाठवला होता: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर, सुमारे पंधरा तास. त्यावरून घरात तीन मतं झाली. जावयाचं म्हणणं, सर्वात जवळचा रस्ता म्हणजे थेट विमान, विषय संपला. काकांचं म्हणणं, मध्ये दुबईला उतरावं, पाय मोकळे होतील, तिकीटही स्वस्त पडतं. काकूंची एकच अट: अनोळखी विमानतळावर धावपळ नको.

काकांनी मला फोनवर विचारलेला प्रश्न मात्र या तिन्ही मतांपेक्षा नेमका होता. "किलोमीटर राहू द्या. रनिंग टाइम किती, हाल्ट किती, आणि घाटात किती खातो ते सांगा." आयुष्य वेळापत्रकं लावण्यात गेलेल्या माणसाला पंधरा हा आकडा संशयास्पद वाटला, आणि तो तसा होताच.

पंधरा तास येतात कुठून

अशी संकेतस्थळं पृथ्वीच्या गोलावरचं दोन विमानतळांमधलं किमान अंतर काढतात आणि त्याला ताशी साधारण ९०० किलोमीटरने भागतात. अंतर बरोबर असतं. पण त्या रेषेवरून विमान जातंच असं नाही.

मुंबईहून निघणारी ती रेषा जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. हिमालय आणि काराकोरम ओलांडून मध्य आशिया, मग सैबेरिया, मग ७६ अक्षांशाच्याही वर आर्क्टिक समुद्र, आणि तिथून अलास्कामार्गे खाली कॅलिफोर्निया. या रेषेवर दोन अडचणी आहेत. केबिनमधला दाब अचानक गेला तर विमानाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. हिमालय आणि तिबेटच्या पठारावर दहा हजार फुटांना विमान नाही, डोंगर असतो. दुसरी अडचण हवाई हद्दींची: कोणाला कोणाच्या डोक्यावरून जाता येईल हे राजकारण ठरवतं.

तिसरी गोष्ट वारा. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, आणि जपानच्या आसपास तर तो ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. याचं सर्वात बोलकं उदाहरण आपल्याकडचंच आहे. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ साधारण दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. हे सांगितल्यावर काका फोनवर हसले. "म्हणजे लांबचा रस्ता लवकर पोचवतो. आमच्या डेपोत हे सांगितलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं."

मुंबईच्या थेट सेवेचं सुरुवातीचं वेळापत्रकही हेच दाखवत होतं. जाताना दुपारी अडीचला निघून सॅन फ्रान्सिस्कोला संध्याकाळी पाचला, म्हणजे सोळा तास. येताना सतरा तास दहा मिनिटं. विमानतळ तेच, अंतर तेच, फरक सत्तर मिनिटांचा.

पर्याय

पहिला, थेट विमान. सोळा तास एका खुर्चीत, पण सामान एकदाच द्यायचं आणि इमिग्रेशन थेट मुक्कामाच्या शहरात.

दुसरा, दुबईमार्गे. इथे मी काकांचा हट्ट मोडून काढला, आणि अजूनही बऱ्याच जणांचा मोडतो. मुंबई–दुबई जेमतेम १,९३० किलोमीटर, तीन-सव्वातीन तासांचा प्रवास. दुबई–सॅन फ्रान्सिस्को मात्र १३,००० किलोमीटर, म्हणजे पुन्हा सोळा तासांच्या आसपास. थांबा घेऊन लांबचा टप्पा एका मिनिटाने कमी होत नाही, वर तीन तासांचा प्रवास आणि मधला मुक्काम मात्र चढतो. सिंगापूरचंही असंच आहे: आधी साडेपाच तास आणि मग साडेतेरा हजार किलोमीटरचा टप्पा. तिकीट पाहताना लोक एकूण तास आणि थांब्यांची संख्या पाहतात. सर्वात लांब टप्पा किती तासांचा, हे फार थोडे पाहतात. गुडघ्याला आणि शिरांना मात्र तोच आकडा भोगावा लागतो.

तिसरा, दिल्लीमार्गे. दिल्लीहून अंतर कमी, सुमारे १२,३८० किलोमीटर. पण जानेवारीतलं दिल्लीचं धुकं आणि त्यात जोडविमान, हा धोका सोमवारची तारीख डोक्यावर असताना मला घ्यायचा नव्हता. काकांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदानला उतरवावं लागलं होतं, २१६ प्रवाशांसह. ती बातमी त्यांनी कात्रण काढून ठेवली होती. अशी घटना विरळा असते आणि तिच्यावरून मार्ग ठरवू नये, हे माझं मत. पण दिल्ली बाद झाली ती धुक्यामुळे, म्हणून वाद वाढला नाही.

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्रच पाहावे असे आहेत. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, म्हणजे सुमारे १५,७०० किलोमीटर. हाँगकाँगमार्गे ४,२७० अधिक ११,१००, म्हणजे सुमारे १५,४००. कागदावर दोन्ही जवळपास सारखे. पण जानेवारीत जाताना फ्रँकफर्टच्या बाजूने दोन्ही टप्पे वाऱ्याच्या विरुद्ध: नऊ आणि साडेअकरा, मिळून साडेवीस तास हवेत. हाँगकाँगच्या बाजूने वारा पाठीशी: पावणेसहा आणि बारा, मिळून अठराच्या आत. येताना हे गणित उलटतं.

अमेरिकेतच पूर्व किनाऱ्यावर उतरून पुढे देशांतर्गत विमान घेण्याचा पर्यायही आला होता. सर्वात स्वस्त तोच होता. पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, सामान ताब्यात घ्यायचं, पुन्हा द्यायचं, पुन्हा तपासणी, मग आणखी सहा-साडेसहा तास. मी तो यादीत ठेवलाच नाही.

निर्णय

माझा कल हाँगकाँगकडे होता. लांब टप्पा बारा तासांचा, आणि मध्ये दोन-तीन तास चालण्याची सक्ती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून लांब प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात दुप्पट होऊनही तो साधारण सहा हजारांत एक एवढाच राहतो, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण वय, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि फुगलेल्या शिरा या तिन्ही गोष्टी काकूंकडे होत्या. शिवाय विमानातली हवा बरीच विरळ असते. केबिनचा दाब आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीइतका खाली जाऊ शकतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे.

काकूंच्या डॉक्टरांनी दोन्ही मार्गांना परवानगी दिली. अटी घातल्या: पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे, आतल्या वाटेलगतची खुर्ची, दर दीड-दोन तासांनी उठणं, भरपूर पाणी. मग निर्णय कुटुंबाचा. काकूंनी थेट विमान निवडलं. त्यांचं कारण साधं होतं: "मध्यरात्री परक्या देशात आमचं कुणी ऐकलं नाही तर मी काय करणार?" व्हीलचेअरची सोय असते हे मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. ज्याला प्रवास करायचा आहे त्याच्या मनावरचा ताण हाही हिशेबात धरावा लागतो, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

परतीसाठी मात्र मी आग्रह धरला. परत यायचं होतं जुलैत, तारखेची घाई नव्हती. जाताना पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून, आणि येतानाही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून फ्रँकफर्टला. दोन्ही वेळा वारा पाठीशी. भागीदार कंपन्यांमुळे हे एकाच तिकिटात बसलं. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढावी लागली असती तर खर्च बराच वाढला असता. तेव्हा जर्मनीत विमान बदलायला भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागायचा, पण अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट होती. दोघांचाही व्हिसा दहा वर्षांचा होता.

इन्सुलिनचं वेळापत्रक

हा भाग लोक हमखास विसरतात, म्हणून जरा सविस्तर. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. शुक्रवारी दुपारी अडीचला निघालेला माणूस शुक्रवारीच संध्याकाळी पाचला उतरतो. कॅलेंडर म्हणतं अडीच तास झाले, शरीर म्हणतं शनिवारची पहाट, साडेसहा.

काकांची वेळ आठ आणि आठ. भारतातले सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा, आणि रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. म्हणजे दिवसातून दोनदा औषध घेणाऱ्याच्या वेळा जवळपास आपोआप जुळतात, फक्त सकाळ आणि संध्याकाळ यांची अदलाबदल होते. जेवायच्या वेळाही तशाच जुळतात. अडचण एवढीच की काकांची सकाळची मात्रा रात्रीपेक्षा जास्त होती. कोणत्या जेवणाआधी किती, हे त्यांच्या डॉक्टरांनी दोन दिवसांसाठी कागदावर लिहून दिलं. ते आकडे इथे देण्यात अर्थ नाही, प्रत्येकाचे वेगळे असतात. काकांनी हातात दोन घड्याळं बांधली, एक भारताचं. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं.

प्रवास

घर ते विमानतळ हा सुमारे ३९० किलोमीटरचा टप्पा सगळ्यात कमी विचार झालेला होता. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाता आलं असतं, पण २३ किलोच्या चार बॅगा होत्या. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, मसाले. काकांना एसटीनेच जायचं होतं, तेही याच कारणाने राहिलं. शेवटी गुरुवारी सकाळी नऊला गाडीने निघून रात्री खारघरला पुतण्याकडे मुक्काम ठरला. खंडाळ्याच्या घाटात गाडी दीड तास अडकली आणि पोहोचायला साडेनऊ तास लागले. रातोरात निघून थेट विमानतळ गाठायचा बेत असता तर हाच दीड तास जिवावर आला असता. खारघरलाच काकूंच्या बॅगेतून ताज्या कढीपत्त्याची जुडी काढून ठेवली. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे ती अमेरिकेत नेता येत नाही.

विमान वेळेवर सुटलं. भारत ओलांडून पूर्वेकडे, मग जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावर. भारतीय घड्याळात रात्रीचे आठ वाजत आले तेव्हा जेवणाच्या गाड्या पुढच्या रांगांत दिसू लागल्या, आणि काकांनी इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात हादरे सुरू झाले, पट्ट्या बांधण्याची सूचना झाली, गाड्या मागे नेल्या. जो वारा वेळ वाचवतो त्याच्याच कडेला विमान हलतं. पाऊण तास जेवण आलं नाही. काकांना घाम फुटला, हात थरथरू लागले. काकूंनी ओळखलं, पिशवीतली ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून दिली आणि वर राजगिऱ्याची चिक्की. पंधरा मिनिटांत ते सावरले. कर्मचाऱ्यांना सांगितल्यावर त्यांनी लगेच फळांचा रसही आणून दिला.

पाठीशी जोरदार वारा असल्याने विमान सोळाऐवजी साडेपंधरा तासांतच उतरलं. पण इमिग्रेशनच्या रांगेत सव्वा तास गेला, आणि खाण्याचे पदार्थ आहेत असं प्रामाणिकपणे लिहून दिल्यामुळे बॅगा तपासायला आणखी अर्धा तास. काही काढून घेतलं नाही. संध्याकाळच्या गर्दीतून मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत तिथले आठ वाजले.

काकांचा हिशेब मुलीने मला पाठवला. घराचा उंबरा ते घराचा उंबरा ४८ तास ३० मिनिटं. त्यात हवेत साडेपंधरा. पहिले ३९० किलोमीटर एकूण अंतराच्या तीन टक्क्यांहूनही कमी, पण विमानातल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ त्यांनी घेतला. शेवटी शेरा होता: "गाडी वेळेत, घाटात खाल्ले."

काकूंच्या पावलांना चांगली सूज आली. ती उतरायला तीन दिवस लागले, म्हणजे सोमवारी मुलगी शस्त्रक्रियेला गेली तेव्हा आईला रुग्णालयात फार वेळ उभं राहता आलं नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप.

परत येताना

जुलैत फ्रँकफर्टपर्यंत पावणेअकरा तास, तिथे साडेतीन तासांचा थांबा, पुढे मुंबईपर्यंत आठ. हवेत एकूण पावणेएकोणीस, थेट विमानाच्या वेळापत्रकापेक्षा दीड तास जास्त. व्हीलचेअर दारात उभी होती, पण काकू सुरक्षा तपासणीनंतर मुद्दाम चालत गेल्या. सूज दुसऱ्या दिवशीच उतरली. काकांनी या वेळी ताट समोर आल्यावरच सुई टोचली. मुंबईला उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सतत पूर्वेकडेच जात आपण पृथ्वीला एक पूर्ण फेरी मारली. गावात आता हे सांगून झालेलं नाही असा माणूस उरला नसावा.

वेगळं काय करता आलं असतं

तोड आडवी आली नसती तर निघण्याची तारीख मी किमान पाच दिवस अलीकडे आणली असती. सूज आणि झोप यांना तेवढे दिवस द्यावे लागतात. जाताना हाँगकाँग घ्यायला हवं होतं का? काकूंच्या पायांपुरतं उत्तर हो. पण त्यांची भीती खरी होती आणि परतीच्या वेळी ती गेली ती सहा महिने परदेशात राहिल्यामुळे. जानेवारीत ती गेली नसती. आता पुढच्या खेपेला त्या स्वतःच हाँगकाँगचं विचारतात.

इन्सुलिनच्या कागदावर वेळेबरोबर "ताट हातात आल्यावर" हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवे होते. आता मी ते प्रत्येकाला सांगतो.

हाच मार्ग आज कुणी आखणार असेल तर वरचे किलोमीटर तसेच वापरता येतील, तास नाही. २०२२ पासून रशियाची हवाई हद्द अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग लांबले, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. त्यामुळे थेट सेवा चालू आहे का, तिचा गेल्या दोन आठवड्यांतला प्रत्यक्ष वेळ किती, वाटेत इंधनाचा थांबा आहे का, हे तिकीट काढण्याच्या दिवशी पाहावं आणि निघण्याच्या आधी दोन दिवस पुन्हा पाहावं. इंधनाच्या थांब्यात प्रवाशांना बहुधा खाली उतरू देत नाहीत. म्हणजे तो हाल्ट धरायचा तो खुर्चीतल्याच वेळेत.